पाणबुड्याच्या बरगड्या

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून जाणाऱ्या बोळाच्या टोकाशी, हाडांची खोली होती. खोलीत कोमट पाण्याच्या दोन टाक्या, एक लांब टेबल, तारेची भेंडोळी, लहानमोठ्या चाळण्या आणि वास. या वासाची सवय होते असं नवीन माणसाला सांगतात. तशी ती होत नाही. माणसं आपल्यापासून दोन पावलं लांब उभी राहतात, त्याची मात्र होते.

मावशी या खोलीत चौतीस वर्षं काम करत होती. मेलेला प्राणी आला की मांस काढायचं, हाडं पाण्यात मुरत ठेवायची, मग चाळायची, धुवायची, वाळवायची आणि जिवंतपणी होती तशी पुन्हा जोडायची, हे तिचं काम. संग्रहालयातले लोक तिला पाठीमागे हाडमावशी म्हणायचे आणि तोंडावर नुसतं मावशी. पाठीमागचं नाव तिच्या कानावर होतं आणि तिला तेच जास्त आवडायचं, पण तसं कुणाला सांगायची तिला लाज वाटे.

त्या वर्षी एक संशोधक दोन महिन्यांच्या मुक्कामाला आला. पस्तिशीचा, काटकुळा, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग आणि हातात सदैव जाडी मोजायचा व्हर्नियर. त्याला पक्ष्यांच्या बरगड्या मोजायच्या होत्या. दरवानाने दुसऱ्या दिवशीच त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं. चहाबरोबर दिलेल्या बिस्किटाची जाडीसुद्धा तो मोजून बघतो, असं दरवान सांगत सुटला होता. खरंखोटं कुणी तपासलं नाही, पण नाव चिकटलं, आणि आठवडाभरात फूटपट्टी स्वतःच त्या नावाला ओ देऊ लागला.

पोरगा तसा भला होता. कपाट उघडायला सांगताना ‘जरा’ म्हणायचा, सांगाडा जागेवर ठेवताना दोन्ही हात लावायचा. आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. एकदा दुपारी मोठ्या दालनात, मगरीच्या सांगाड्यासमोर, त्याने मावशीला आणि दरवानाला उभं केलं.

"मावशी, श्वास घ्या."

"घेतेच आहे. थांबवला असता तर आज तुम्हाला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली असती."

"तसं नाही हो. मोठा घ्या. बघा, तुमच्या पोटाच्या वर एक पडदा आहे, तो खाली गेला, फुप्फुसं फुगली. पक्ष्याकडे तो पडदाच नाही. आणि त्याची फुप्फुसं फुगतही नाहीत. पाठीला चिकटून गप्प बसलेली असतात."

"मग हवा कुठे जाते?" दरवानाने विचारलं.

"पिशव्यांत. अंगभर पातळ पिशव्या असतात. छातीचं हाड खाली गेलं की त्या फुगतात, वर आलं की दबतात. लोहाराचा भाता असतो ना, तसं. हवा आत येताना आणि बाहेर जाताना फुप्फुसातून जाते. म्हणजे पक्ष्याचा श्वास सगळा छातीच्या हाडाच्या हालण्यावर. म्हणून पक्षी छातीशी आवळून धरला की मरतो. चोच उघडी, नाकपुड्या उघड्या, आणि गुदमरून मरतो."

"माझा लग्नातला कोट असाच होता," दरवान म्हणाला.

फूटपट्टीला हसू आलं, पण तो थांबला नाही. त्याने बदकाचा एक सांगाडा काचेतून दाखवला. प्रत्येक बरगडीच्या मधोमध, मागच्या कडेवर, हाडाचा एक चपटा हूक होता. तिरपा वर जाऊन मागच्या बरगडीवर टेकलेला. "हा बघा. या हुकाला स्नायू बांधलेले असतात. स्नायूने हूक ओढला की बरगडी फिरते आणि छातीचं हाड हलतं. हूक म्हणजे त्या भात्याचा दांडा. दांडा लांब, तर जोर कमी लागतो. चालणाऱ्या पक्ष्यांचे हूक आखूड. उडणाऱ्यांचे मध्यम. पाणबुड्यांचे सगळ्यांत लांब, कारण पाण्यावर तरंगताना खालून पाणी छाती वर ढकलत असतं, त्याच्याविरुद्ध त्यांना ती हलवावी लागते."

"आणि या मगरीला?" मावशीने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"हिलाही असतात, पण कूर्चेचे. मऊ. हाडं मुरवताना विरघळून जातात, म्हणून सांगाड्यात दिसत नाहीत. पक्ष्यांच्या जवळच्या डायनासोरांनाही हाडाचे होते. म्हणजे हे सगळं एकाच घराण्याचं दुखणं आहे बघा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं."

हे बोलणं झालं तेव्हा फूटपट्टी थोरल्या पाणबुड्यापर्यंत पोचला नव्हता.

थोरला पाणबुड्या दालनाच्या टोकाला, एकट्याच्या काचपेटीत होता. फार उत्तरेकडच्या थंड समुद्रातला मोठा पक्षी. चौतीस वर्षांपूर्वी वादळात भरकटून किनाऱ्यावर मरून पडलेला कुणाला तरी सापडला. त्याच्या जातीचे सांगाडे जगात तीनच होते. एकाच्या बरगड्या चेंदामेंदा झालेल्या, दुसऱ्याचं नुसतं डोकं आणि पाय. बरगड्यांचा पिंजरा शाबूत असलेला हा एकटाच. आणि पिंजराही असा, की तार कुठून गेली ते शोधावं लागे. शाळेत चित्रात काढतात तसा स्वच्छ.

पाचव्या आठवड्यात एके सकाळी फूटपट्टी हाडांच्या खोलीत धावतच आला. वासाच्या दोन पावलं अलीकडे थांबायचंही विसरला.

"मावशी, त्याला हूक नाहीत!"

"कुणाला?"

"थोरल्या पाणबुड्याला! एकही नाही. डावी बाजू भिंगाखाली पाहिली, कडा गुळगुळीत आहेत. उजवी बाजू भिंतीकडे आहे, तिथे आरसा घालून पाहिलं, तिथेही नाहीत. म्हणजे एवढा मोठा पाणबुड्या, आणि बिनहुकांचा श्वास घ्यायचा! सगळ्यांनी आजवर लिहिलेलं उलटं होईल. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतोय?"

मावशीला कळत होतं. हातातली तार तिने नको तिथे वाकवली.

"छान झालं," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिने का उच्चारले ते तिला पुढे किती तरी दिवस समजलं नाही.

झालं होतं ते असं. ती कामाला लागून दुसरा महिना होता. तिला काम शिकवणारे मास्तर दोन महिन्यांसाठी मुलीकडे गेले होते, आणि ते गेले त्याच आठवड्यात पाणबुड्या आला. मास्तरांचा नियम होता: मासे खाणारा पक्षी असेल तर आधी पोट काढायचं, रिकामं करायचं, मग पक्षी टाकीत सोडायचा. कारण पाणबुडे मासा अख्खा गिळतात. पोटातले मासे टाकीत कुजले की काट्यांचा आणि हाडांचा एकच काला होतो. तिने घाईत पोट काढलं नाही. तीन आठवड्यांनी टाकी उपसली तेव्हा चाळणीत माशांचे काटे, मणके, गालफडांच्या पातळ पत्र्या यांचा ढीग होता. ती एकटी बसून निवडत राहिली. बरगड्या निघाल्या, मणके निघाले. उरल्या बोटाच्या पेराएवढ्या चपट्या, टोकाशी वाकलेल्या पत्र्या. कोणत्याच हाडाला त्या चिकटलेल्या नव्हत्या, कारण पक्षी वर्षाच्या आतला होता. त्या वयात हूक बरगडीला नुसत्या कूर्चेने जोडलेले असतात, आणि कूर्चा टाकीत गेली होती. तिने त्या माशाच्या गालफडाच्या म्हणून केरात टाकल्या.

मास्तर परत आले. त्यांनी पिंजरा पाहिला. ते स्तुती करणारे गृहस्थ नव्हते. ‘बरं आहे’ हा त्यांचा शेवटचा शब्द असायचा. त्या दिवशी ते बराच वेळ पेटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, इतका स्वच्छ पिंजरा माझ्या हातून झाला नाही." त्यांचीही नजर चुकली होती. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी वारले. ते वारले त्याच वर्षी मावशीच्या टाकीत दुसरा एक पाणबुड्या पक्षी आला, म्हातारा, हूक बरगड्यांना जाम बसलेले. ते पाहिल्यावर तिला आपण केरात काय टाकलं होतं ते उमगलं, आणि ती चाळणी हातात धरून जमिनीवर बसली.

तेव्हा सांगता आलं असतं. कुणाला सांगायचं हाही प्रश्न होता. सांगाड्याला हूक नाहीत हे कुणी विचारत नव्हतं. बघायला येणारे लोक चोच बघायचे आणि पुढे जायचे. मग एक वर्ष गेलं, मग दहा. न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर आपण होऊन द्यायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आता विचारणारा आला होता. विचारतही नव्हता, स्वतःच उत्तर देत होता.

पुढचे तीन आठवडे फूटपट्टी रोज दुपारी हाडांच्या खोलीत चहाला येऊन बसायचा आणि लेख कुठवर आला ते सांगायचा. बिनहुकाचा पक्षी छाती कशी हलवत असेल याच्या त्याने तीन कल्पना मांडल्या होत्या. मानेचे स्नायू, पाठीचा कणा, अजून काहीतरी. प्रत्येक कल्पनेचं चित्र काढून तो मावशीला दाखवायचा. चित्रं सुरेख होती. एक दिवस म्हणाला, "मावशी, लेख मंगळवारी दुपारपर्यंत पाठवायचा आहे. तो घेतला गेला तर विद्यापीठातली कायमची जागा जवळजवळ माझी. दहा वर्षं हंगामी आहे मी. आई विचारते, कायम म्हणजे कधी? मी म्हणतो, पाणबुड्या सांगेल."

मावशीने कप उचलला आणि विसळायला नेला. कप अर्धा भरलेला होता.

त्या शनिवारी संध्याकाळी तिने घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी कापडांचे गठ्ठे. तो कुणाचा तरी जुना कोट उसवत बसला होता, आणि ती बोलत असताना त्याने मान वर केली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "चौतीस वर्षं? आणि मी चारचौघांत सांगतो की हिच्या पोटात काही राहत नाही."

"थट्टा नको."

"मग सांगून टाक त्याला."

"अहो, त्याची नोकरी आहे त्याच्यावर."

"मग नको सांगू."

"तुम्ही दोन्हीकडून बोलता."

"मी शिंपी आहे. गिऱ्हाइकाला सैल हवं तर सैल, घट्ट हवं तर घट्ट. तुला काय हवंय ते तू अजून बोलली नाहीस."

तिने एक गठ्ठा सरकवला आणि बसली. मग म्हणाली, "समजा, सांगितलं. तो म्हणेल, पुरावा काय? माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? म्हातारीला भास झाला म्हणतील."

नवऱ्याने कोटाची बाही उजेडात धरली. "हे बघ. शिवण उसवली, दोरा काढला, इस्त्री फिरवली. तरी टाक्यांची भोकं दिसतात. ते हूक जिथे बसले होते तिथे काहीतरी राहिलंच असेल ना?"

"खडबडीत जागा राहते. कूर्चा बसायची ती. पण मला ती घाण वाटली. पॉलिश पेपरने घासून काढली मी. एकेक बरगडी."

"मोठी हौस तुला."

"नवीन होते हो मी."

"सगळीकडे घासलंस?" त्याने विचारलं. "अस्तराच्या बाजूनेसुद्धा?"

मावशीला ती बाजू आठवेना. डाव्या बाजूचे ते दिवस तिला नीट आठवत होते, बोटांची सालं निघाली होती. उजव्या बाजूचं काहीच आठवत नव्हतं. पेटी भिंतीला लागणार हे आधीपासून ठरलेलं होतं.

सोमवारी संग्रहालय बंद असे. फूटपट्टी मात्र यायचा. तो दालनात, पाणबुड्याच्या पेटीसमोर, मांडीवर लेखाचे कागद घेऊन बसला होता. मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि चाळणीपासून सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबली नाही.

तो आधी हसला. मग हसायचा थांबला.

"हे तुम्हाला आज आठवलं?"

"आठवत होतं."

"तीन आठवडे? मी रोज तुमच्यासमोर बसून चित्रं काढत होतो! तुम्ही ‘छान आहे’ म्हणत होता!"

"चित्रं छानच होती."

"मावशी!" तो उठला, चार पावलं गेला, परत आला. "नाही. असं नाही चालत. चौतीस वर्षांपूर्वी चाळणीत काय होतं ते तुम्हाला आज नक्की सांगता येईल? त्या माशाच्याच पत्र्या असतील. कशावरून नसतील? मी कडा पाहिल्यात. गुळगुळीत आहेत."

"मी घासल्यात म्हणून."

"ते तुम्ही म्हणता. उद्या मी कुणाला काय सांगू? मावशी म्हणाल्या म्हणून?"

"तेच सांगायला आले," मावशी म्हणाली. "पेटी भिंतीपासून ओढा. उजवी बाजू बघायची आहे. तिथे मी घासलं की नाही, मला आठवत नाही. घासलं असेल तर तुमचं खरं, माझा भास. तुमचा लेख उद्या जाऊ दे, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

तो नको म्हणाला असता तर तिथेच मिटलं असतं, आणि हे दोघांनाही दिसत होतं. मग त्याने दरवानाला हाक मारली.

दोघांनी मिळून पेटी हात दीड हात ओढली. "यात पक्षी आहे की हत्ती?" असं म्हणत दरवान पाठ चोळत दाराशी जाऊन बसला. मागची काच निघाली. धुळीचा एक पापुद्रा उजेडात तरंगला. मावशीने स्टूल ठेवलं, कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली काढली. या बाजूला लाखेचं पॉलिश जाड होतं, पिवळं पडलेलं, मधाच्या थरासारखं. डाव्या बाजूला तिने ते पातळ, तीन हात देऊन लावलं होतं. इकडे एकाच हातात थापलं होतं, तेही घाईने. खाली ओघळ तसेच वाळले होते. फूटपट्टीने ओघळ पाहिले आणि मावशीकडे पाहिलं. ती स्टुलावर चढत होती.

पहिल्या बरगडीवर तिने बोळा फिरवला. लाख सुटली, कापूस पिवळा झाला. खाली हाड, कड गुळगुळीत. फूटपट्टीने भिंगातून बघितलं. "काही नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती आणि ती लपवायचं त्याला सुचलं नाही.

"पहिलीला नसतोच कधी कधी," मावशी म्हणाली.

दुसरीवर तिने बोळा धरून ठेवला, लाख भिजेपर्यंत. मग पुसला. मागच्या कडेवर, साधारण मध्यावर, गव्हाच्या दाण्याएवढी एक लांबट जागा होती. बाकीचं हाड साबणासारखं, आणि तेवढीच जागा खरखरीत. पॉलिश पेपर तिला कधी शिवलाच नव्हता. मावशीने तिच्यावरून नख फिरवलं आणि बाजूला झाली.

त्याने भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "तिसरी करा."

तिसरीवर होती. चौथीवर होती. पाचवीवर होती. सहावीवर अर्धी घासलेली. तिथे बहुधा कुणीतरी जेवायला हाक मारली असावी, आणि ती परत आलीच नसावी.

दालनात स्पिरिटचा वास भरला. फूटपट्टी खाली फरशीवर बसला. कागद त्याने शेजारी ठेवले होते, त्यांतलं वरचं चित्र मानेच्या स्नायूंचं होतं.

"जागा जाईल," तो म्हणाला. "विद्यापीठाला बिनहुकाचा पाणबुड्या हवा होता. हूक असलेले सगळ्यांकडे आहेत."

मावशी स्टुलावरून उतरली. पिवळे झालेले बोळे तिने गोळा केले.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या नवऱ्याला."

"पॉलिश परत लावता येतं?"

"येतं."

"लावलं तर काही दिसेल?"

"नाही. दहा मिनिटांचं काम आहे."

दाराशी दरवान कुठलं तरी गाणं अर्धवट गुणगुणत होता, तेवढाच आवाज. मावशीने बाटलीचं बूच लावलं. तिने बाटली उचलली नाही, आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही. लाखेचा डबा खाली खोलीत होता. तो ‘आणा’ म्हणाला असता तर ती गेली असती का, हे तिने त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला, पँट झटकली, आणि व्हर्नियर उघडला.

"दिवा धरा जरा. खालून. अजून खाली."

तिने दिवा धरला. त्याने दुसऱ्या बरगडीवरची जागा मोजली, लांबी, रुंदी, मणक्यापासूनचं अंतर, मग ती जागा कुठल्या कोनात तिरपी आहे ते. आकडे तो पुटपुटत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "जागेच्या मापावरून हूक किती लांब होते, त्याचा अंदाज येतो. अंदाजच. आणि तिरपेपणावरून ते कुठे रोखलेले होते तेही. लांब होते. फार लांब असावेत." आणि मग, त्याच सुरात, "माझा तुमच्यावर राग आहे, मावशी."

"असू दे."

"जाणार नाही इतक्यात."

"मी निवृत्त होईपर्यंत तरी ठेवा. दिवा दुसऱ्या हातात घेते, हात भरून आला."

चौथी झाल्यावर त्याने लेखाचं एक कोरं पान काढलं. "इथे एक वाक्य लिहावं लागेल. नाहीतर लोक विचारतील, हूक गेले कुठे? ‘सांगाडा तयार करताना हूक गहाळ झाले.’ एवढं पुरे."

"गहाळ नाही झाले. मी टाकले."

"तसं कुणी लिहीत नाही."

"गहाळ लिहिलंत, तर दहा वर्षांनी तुमच्यासारखाच कुणीतरी येईल आणि माझी कपाटं उपसत बसेल, कुठे मिळतात का म्हणून. टाकले लिहिलं की त्याचे दोन महिने वाचतील."

फूटपट्टीने पेन थांबवलं. त्याने ‘गहाळ’ खोडलं. "तयार करणारीने माशाची हाडं समजून टाकले," तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला. "साल?"

तिने साल सांगितलं, महिनाही सांगितला.

"किती होते?"

मावशीने आठवायचा प्रयत्न केला. चाळणी आठवली, पाणी निथळत होतं ते आठवलं, पत्र्या मुठीत घेतल्या तेव्हा हलक्या लागल्या होत्या तेही आठवलं. "मोजले नव्हते," ती म्हणाली.

"संख्या अज्ञात," त्याने लिहिलं, आणि पेन खिशाला अडकवून तो पाचव्या बरगडीकडे वळला. मावशीने दिवा थोडा वर घेतला, तर तो म्हणाला, "नाही, तिथेच ठेवा," म्हणून तिने तो तिथेच ठेवला.